मर्फा

मर्फा : हैदराबादेतील हद्रमी अरब व सिद्दी समाजांत रूढ असलेला तालप्रधान वाद्यप्रकार. त्यातील मुख्य चर्मवाद्यासही हेच नाव आहे. येमेनच्या हद्रमौत भागातील अरब शिपाई आधी मराठ्यांच्या फौजांत होते. सीताबर्डी (१८१७) व मालेगाव (१८१८) येथे ते इंग्रजांशी लढले. मराठी सत्ता मोडल्यावर त्यांतील बरेच जण निजामाच्या पदरी गेले. हैदराबादेतील त्यांच्या वस्तीचे ‘बारकस’ हे नाव इंग्रजी ‘बराक्स’चा अपभ्रंश होय. मराठवाड्यात त्यांना चाऊस म्हणतात. हा शब्द मात्र अरबी नसून तुर्की लष्करी हुद्द्यावरून आला आहे.

मर्फ्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार तो १८ व्या शतकाच्या सुमारास आफ्रिकी सिद्दींनी आणला. निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या वंशजांचा ए. सी. (आफ्रिकन कॅव्हलरी) गार्ड्‌स हा मोहल्ला मर्फा-वादकांसाठी प्रसिद्ध असल्याने या मताला आधार मिळतो. दुसरे मत नावावर भर देते. येमेनमध्ये ‘बरआ’ या खंजीरनृत्याला ‘तासा’ व ‘मर्फअ’ या नगाऱ्यांची साथ असते. ‘मर्फअ’मधील अंत्य कंठ्य ध्वनी दखनीत टिकत नाही, त्यामुळे ‘मर्फा’ हे रूप सहज सिद्ध होते. (मराठी ‘ताशा’ याच ‘तासा’च्या कुळातला.) अडचण अशी की, ही जोडी मुख्यतः उत्तर येमेनच्या डोंगराळ मुलखातली, हद्रमौतची खास वाद्ये म्हणजे मिरवास आणि हाजिर. तरीही नावापुरते येमेनी मत अधिक ग्राह्य वाटते. वादनशैलीबाबत अरबी व आफ्रिकी असा काटेकोर भेद करणे फारसे उपयोगाचे नाही, कारण पूर्व आफ्रिकेशी जुना संबंध असलेल्या हद्रमौतच्या किनाऱ्यावरच हे दोन्ही प्रवाह मिसळले होते.

वादनात मर्फ्याबरोबर डफ, ढोल, धातूची भांडी व ‘थापी’ नावाच्या लाकडी पट्ट्या असतात. कातडे सैल पडले की जाळावर शेकून ताणून घेतात. लय हळूहळू चढत जाते. नाचणारे तलवारी किंवा जंबिया (वाकडा अरबी खंजीर) परजतात, कधी पाते दातांत धरून नाचतात. गायनाला स्थान गौण.

हैदराबादेत जमादार (अरब पलटणीचा नायक) असलेल्या उमर बिन अवद अल्-कुऐती याच्या घराण्याने हद्रमौतात सल्तनत उभारली. ती १९६७ पर्यंत टिकली. त्यामुळे दोन्ही देशांतील ये-जा दीर्घकाळ चालू राहिली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर अरब पलटणी मोडल्या आणि अनेकांना परत धाडण्यात आले. मागे राहिलेल्यांची घरची बोली बहुतांशी दखनी झाली. मर्फा मात्र अरबांपुरता उरला नाही : हैदराबादेत तो आता इतर मुसलमानांच्या वरातींत आणि निवडणुकीच्या विजयी मिरवणुकांतही वाजतो.