पिल्लू चावतंय, कारण ते कामाला लागलंय

घरातलं मूल पळायला लागलं की बॉर्डर कॉली या मेंढ्या हाकणाऱ्या जातीच्या कुत्र्याचं दहा आठवड्यांचं पिल्लू आधी थबकतं. मान खाली, नजर रोखलेली, एक पंजा उचललेला तो तसाच अधांतरी. मग झेप, आणि पायजम्याची कड दातांत. मूल किंचाळतं, अजून जोरात पळतं. पिल्लाला आणखी काय हवं? घरच्यांना मात्र धडकी भरते, की हे मोठं होऊन अंगावर जाणार की काय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. ज्या कामासाठी त्याच्या पूर्वजांची पिढ्यान् पिढ्या निवड झाली, तेच काम त्याने सुरू केलेलं असतं. मेंढ्या नाहीत, म्हणून पोरांवर.

लांडग्याची शिकार ही एक साखळी असते : हेरणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकडून चावा आणि शेवटी ठार मारणं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने कामाच्या कुत्र्यांचा अभ्यास करून दाखवलं, की माणसाने वेगवेगळ्या जाती घडवताना या साखळीच्या काही कड्या ठळक केल्या, तर काही बोथट केल्या. कॉलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग जोरदार, पण चावा आवरलेला. गुरं हाकणाऱ्या हीलरमध्ये चावा शिल्लक ठेवला, कारण टाचेला दात लागल्याशिवाय बैल हलत नाही. मेंढ्यांची राखण करणाऱ्या ग्रेट पायरेनीजसारख्या जातींत जवळजवळ सगळी साखळीच मंदावलेली. म्हणून तर त्यांना कळपात सोडता येतं. हीलरचं पिल्लू टाचा धरतं आणि शिकार उचलून आणण्यासाठी घडवलेल्या लॅब्रॅडॉरचं पिल्लू दिवसभर कुणाचा तरी मोजा तोंडात घेऊन हिंडतं, त्यामागचं कारण हे.

अर्थात जातीला अती महत्त्वही देऊ नये. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा सुमारे ९ टक्केच भाग जातीवरून सांगता आला. जातीवरून अंदाज बांधावा. मत बनवावं ते समोरच्या पिल्लाकडे बघून.

शिस्तीकडे वळण्याआधी पिल्लाच्या जगाशी होणाऱ्या ओळखीचं बघू, कारण तिची मुदत शिस्तीपेक्षा लवकर संपते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी काही पिल्लं कुंपणाच्या आत, माणसांचा जवळजवळ संबंध येऊ न देता वाढवली. त्यातली काही वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांत आणली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्लं रानटी जनावरासारखी बुजली. १९६१ च्या या निबंधानंतर ढोबळमानाने तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ‘जगाची ओळख करून घेण्याचा’ मानला जातो. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते पिल्लाला नेहमीचं वाटतं. जे राहिलं त्याला पुढे ते बिचकतं. राखणदार जातींत ही कसर महागात पडते, कारण चाळीस किलोचा भेदरलेला कुत्रा आवरणं सोपं नसतं.

इथे एक पेच आहे. लसीकरण पूर्ण व्हायच्या आतच हा काळ सरतो आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. मग पिल्लाला घरात कोंडून ठेवायचं का? तर नाही. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे, की पहिली लस होऊन आठवडा उलटला की ओळखीपाळखी सुरू कराव्यात. अनोळखी कुत्र्यांच्या वर्दळीची जागा टाळायची, पिल्लाला कडेवर घेऊन रहदारी दाखवायची, टोपीवाली, काठीवाली, दाढीवाली माणसं भेटवायची. पिल्लू मागे सरलं तर ओढून पुढे न्यायचं नाही. अंतर वाढवायचं आणि खाऊ द्यायचा.

आता चावणं. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात, आणि चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागेपर्यंत घरातल्यांचे हात-पाय ओरबाडलेलेच असतात. सगळ्यात परिणामकारक उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे : थांबणं. पाय हलायचा थांबला की पाठलागातली मजाच जाते. तरीही दात लागलेच, तर न बोलता दाराआड जायचं आणि वीस-तीस सेकंदांनी परत यायचं.

पण कामसू पिल्लाचं ‘नको’वर भागत नाही, त्याला ‘मग काय करू?’ याचंही उत्तर लागतं. जाड दोरीचं खेळणं घ्या आणि ओढाओढी करा. रंगात आल्यावर हात एकदम स्थिर करा आणि खाऊ नाकाशी न्या. जबडा सैल पडेल त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा, खाऊ द्या आणि लगेच खेळ पुन्हा सुरू करा. थोड्याच दिवसांत खाऊ गौण होतो. सोडलं की खेळ परत मिळतो, हे पिल्लाला उमगतं, आणि तेच खरं बक्षीस ठरतं. भर उत्साहात तोंडातली वस्तू सोडता येणं, ही माझ्या मते कामाच्या जातीची पहिली शिस्त. ‘बस’ आणि ‘शेकहँड’ नंतर आले तरी चालतील.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ हा सल्ला अजूनही मिळतो. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या निरीक्षणात आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून कळपात वरचढ होण्यासाठी सतत झुंज चालते ही कल्पना पसरली, आणि मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज भांडणं होत नाहीत. तरीही पिल्लाला उताणं पाडून दाबून धरणारे आहेत. २००९ मध्ये एका पशुवैद्यकीय वर्तन-चिकित्सालयात आलेल्या मालकांना विचारलं, तेव्हा हा उपाय करणाऱ्यांपैकी ३१ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. ते आधीच अडचणीत असलेले कुत्रे होते हे खरं, पण म्हणून उपाय शहाणपणाचा ठरत नाही. पोर्तुगालमधल्या २०२० च्या अभ्यासात ९२ कुत्रे होते. जिथे झटके देऊन, ओरडून शिकवत, तिथल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक अधिक वाढलेलं आढळलं.

आणि चूक केल्यावर कुत्रा करतो तो ‘चोरटा चेहरा’? अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये तपासलं : कुत्र्याने खाऊ चोरला की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता, मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. घरी येऊन कुरतडलेली चप्पल दाखवत रागावण्यात म्हणूनच काही हशील नाही. शाबासकी असो वा नकार, तो कृतीला एखाद-दोन सेकंदांत चिकटला पाहिजे.

उत्साही माणसांकडून एक वेगळीच चूक होते. दमलं की शांत होईल, या आशेने पिल्लाला तास-तास चेंडूमागे पळवतात. त्यात कोवळ्या हाडांच्या वाढीच्या जागांना इजा होण्याची भीती असतेच, शिवाय पळण्याची ताकद वाढते आणि मागणीही वाढते. या वयात पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. झोप मोडलेलं पिल्लू जास्त चावतं. शिकवणीही थोडकीच पुरते. कोपनहेगनच्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांना एक कौशल्य शिकवलं, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना पाचदा. एकदा शिकणाऱ्यांना एकूण तासिका कमी लागल्या. चटईवर पडून राहणं, वाटी खाली ठेवेपर्यंत थांबणं, कंटाळा सोसणं, हेही शिकवावं लागतं. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, उभं राहून दूध पाजणाऱ्या आईची पिल्लं पुढे प्रशिक्षणात जास्त यशस्वी ठरली. दुधासाठी त्यांना जरा धडपडावं लागलं होतं, हे त्याचं एक संभाव्य कारण.

एवढं सगळं जमल्यावर आठवा महिना येतो. ब्रिटनमधल्या २०२० च्या अभ्यासात पाच महिन्यांची पिल्लं मालकाचं ‘बस’ नीट ऐकत होती. आठव्या महिन्यात तीच पिल्लं अनोळखी माणसाचं ऐकत आणि नेमकी मालकापुढे टाळाटाळ करत. वर्षाचं होईपर्यंत गाडी बऱ्यापैकी रुळावर येते. तोवर मोकळ्या मैदानात लांब दोरी बांधलेलीच ठेवावी आणि हाकेला आल्यावर, कितीही उशिरा आलं तरी, खाऊ द्यावा.