भीती कधी येते?

नागफणीच्या कड्यावरून रोपनं, म्हणजे दोरानं, खाली उतरायचं म्हणून दरीकडे पाठ करून उभा राहिलो तेव्हा माझा उजवा गुडघा आपणहून नाचायला लागला होता. कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, वर बिलेला, म्हणजे सुरक्षेचा दोर धरायला, पक्का माणूस. पडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती आणि हे मला नीट ठाऊक होतं. गुडघ्याला मात्र ते कोणी कळवलेलं नव्हतं. "मागे बस. खुर्चीत बसतोस तसा. पाय सरळ ठेव," आमचे म्होरके दादा सांगत होते. खुर्ची कुठली? मागे खंडाळ्याची अख्खी दरी होती. दादांच्या आवाजात कंप नाही, कपाळावर घामाचा थेंब नाही. हा माणूस वेगळ्याच मातीचा आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

ते चुकीचं होतं. आदल्या रात्री कुरवंडे गावात आम्ही ओसरीवर गाण्यांच्या भेंड्या खेळत होतो, तेव्हा दादा कोपऱ्यात टॉर्चच्या उजेडात रोपवरून इंच इंच हात फिरवत बसले होते. दोन वेळा जेवायला हाक मारली, उठले नाहीत. मग उठले आणि अर्धी भाकरी खाऊन पुन्हा कॅराबिनर, म्हणजे रोप अडकवायच्या धातूच्या कड्या, तपासायला बसले. मला वाटलं, काटेकोर स्वभाव. पुढे काही वर्षांनी पॅराशूटवाल्यांवरचं एक जुनं संशोधन वाचलं, तेव्हा त्या अर्ध्या भाकरीचा अर्थ लागला.

१९६०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या सीमोर एपस्टीन आणि वॉल्टर फेन्झ या मानसशास्त्रज्ञांना भीतीचा अभ्यास करायचा होता. प्रयोगशाळेत माणसाला फार फार तर दचकवता येतं, खरं घाबरवता येत नाही. आणि येत असलं तरी करू नये. म्हणून हे दोघे हौसेनं विमानातून उड्या मारणाऱ्यांकडे गेले. त्यांनी नवखे आणि मुरलेले असे दोन गट घेतले. विमानतळावर पोचल्यापासून उडीच्या क्षणापर्यंत टप्प्याटप्प्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेवरच्या घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता मोजली.

नवख्यांचा आलेख अपेक्षेप्रमाणेच होता. विमानात बसताना ठोके वाढलेले, विमान वर चढेल तसे आणखी वाढत गेलेले, दार उघडल्यावर सगळ्यात जास्त. घाटातल्या रस्त्यासारखी सरळ चढण. मुरलेल्यांचं काय व्हावं? आपल्याला वाटेल की त्यांची रेघ सपाट असणार. तशी ती नव्हती. त्यांचेही ठोके वाढले होते, पण आधी. विमान जमीन सोडतं त्या सुमाराला त्यांचा आलेख माथ्यावर पोचला आणि तिथून उतरायला लागला. दारात उभं राहीपर्यंत ते बरेच शांत झालेले असत. 'सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?' या प्रश्नालाही असंच उत्तर मिळालं. नवख्यांनी उडीच्या अगदी आधीचा क्षण सांगितला, मुरलेल्यांनी उडीच्या दिवशीची सकाळ.

म्हणजे भीती गेलेली नव्हती. तिची वेळ बदलली होती. फेन्झ यांनी पुढे १९७२ साली आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. सारखाच अनुभव असलेल्या लोकांमध्येही ज्यांची उडी सफाईदार होती त्यांचा आलेख असा लवकर चढून उतरणारा होता, आणि ज्यांची उडी गचाळ होत असे त्यांचा आलेख नवख्यांसारखाच शेवटपर्यंत चढत राहणारा. नुसत्या उड्या मोजून हे साधत नाही.

भीती लवकर येऊन जाण्याचा फायदा काय, हे कळायला ती शरीरात काय करते ते पाहावं लागेल. या बाबतीत मराठी भाषेनं शरीरशास्त्राचं निम्मं काम करून ठेवलंय. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक पेशीसमूह आहे. त्याला अमिग्डला म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. त्यानं धोक्याची वर्दी दिली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. लाळ आटते, म्हणून तोंडचं पाणी पळतं. पचनसंस्थेकडचं रक्त स्नायूंकडे वळवलं जातं आणि आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोटात गोळा येतो. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात. केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू ताठतात आणि अंगावर काटा येतो. अंगभर लोकर असलेल्या आपल्या पूर्वजांना त्यामुळे शत्रूपुढे मोठं दिसता येत असावं. आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. (पाचावर धारण बसणं मात्र या यादीत नाही. ती धान्याच्या भावाची गोष्ट आहे. महागाईची भीती वेगळी.)

माझा गुडघा नाचत होता तोही याच कारणानं. ॲड्रेनलिननं स्नायूंचा कंप वाढतो, आणि पळण्यासाठी तयार केलेल्या पायाला मी कड्याच्या कडेवर नुसतं उभं करून ठेवलं होतं.

पळायचं असेल तर ही सगळी यंत्रणा उत्तम आहे. पण रोप हळूहळू सोडत, कातळ बघत, खालचा पाय कुठे टेकवायचा हे ठरवायला ती फारशी कामाची नाही. थोडी उत्तेजना काम सुधारते आणि फार झाली की बिघडवते, हे यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच उंदरांवर पाहिलं होतं. काम जितकं नाजूक, तितकी ही मर्यादा लवकर येते. दादांची भीती आदल्या रात्री आली तेव्हा तिला करण्यासारखं काम होतं, रोप तपासायचं. माझी भीती कड्यावर आली आणि तिला करायला काहीच नव्हतं.

ही वेळ बदलते कशी? इथे पुन्हा एक मराठी वाक्प्रचार मदतीला येतो. भीड 'चेपते' असं आपण म्हणतो. भीड मरते किंवा जाते, असं सहसा म्हणत नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनं संकेत ऐकताच लाळ गाळायला शिकलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले तेव्हा त्यांना खाण्याचा संकेत देऊन खाणं दिलंच नाही, असं वारंवार केलं की लाळ येणं बंद होई. जुना धडा पुसला गेला असं वाटे. पण मध्ये काही काळ जाऊ दिला की तोच संकेत ऐकून लाळ पुन्हा सुटे. धडा पुसलेला नव्हताच, चेपलेला होता. भीतीचंही असंच आहे. जुनी आठवण अमिग्डलात जागच्या जागी राहते आणि कपाळामागच्या मेंदूचा एक भाग तिला 'इथे नको' असं सांगायला शिकतो. यातला 'इथे' महत्त्वाचा. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्रयोगातल्या उंदरांनी एका पेटीत भीती सोडली, तरी वेगळ्या पेटीत नेल्यावर ती परत आली. म्हणून नागफणीवर वाघ झालेला माणूस लिंगाण्याच्या सुळक्यावर पुन्हा शेळी होतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चेपण्याची कृती मात्र शंभर वर्षं जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेकडे पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा आला. तो सशाला घाबरायचा. पीटर आवडीचं खात बसलेला असताना ती पिंजऱ्यातला ससा रोज थोडा जवळ आणायची. त्याचबरोबर सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्या आजूबाजूला खेळायला असायची. शेवटी पीटरनं सशाला आपली बोटं कुरतडू दिली. हे १९२४ साली छापून आलं. आज भयगंडावर जे उपचार होतात त्यांचं मूळ इथे आहे. आपल्या गिर्यारोहण संस्था नवख्यांना आधी वीस फुटांच्या कातळावर, मग पन्नास फुटांच्या आणि त्यानंतर कड्यावर नेतात, तो पीटरचाच ससा.

अलीकडे लॉस एंजेलिसमधल्या मिशेल क्रास्के यांच्यासारख्या संशोधकांनी यात एक भर घातली आहे. आपल्याला काय होईल असं वाटतंय, ते आधी नेमक्या शब्दांत मांडायचं: 'मी मागे बसलो की रोप सुटेल.' मग बसायचं. काय झालं ते बघायचं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जितकं अंतर, तितकी नवी आठवण घट्ट. डोळे मिटून, देवाचं नाव घेत कसंबसं उरकलं तर मेंदू फारसं शिकत नाही. वाचलो ते देवामुळे, एवढंच त्याला कळतं.

मग भीतीच नसेल तर? हाही प्रयोग निसर्गानं करून ठेवलाय. अमेरिकेतली एक स्त्री शास्त्रीय लेखनात फक्त 'एस. एम.' या अक्षरांनी ओळखली जाते. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिचे दोन्ही अमिग्डला नष्ट झाले. संशोधकांनी तिला साप वगैरे विदेशी प्राणी विकणाऱ्या दुकानात नेलं, तर तिनं साप हातात घेतला आणि त्याहून मोठे, घातक साप हाताळू द्या म्हणून मागे लागली. हे वाचताना हेवा वाटतो, पण पुढचं वाचेपर्यंतच. तिच्यावर चाकू रोखला गेलाय, बंदूकही रोखली गेलीय. संशोधकांच्या मते संकटाची चाहूल न लागणं हे यामागचं एक कारण असावं. आणि २०१३ साली तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा ही निर्भय बाई घाबरून कासावीस झाली. गुदमरण्याची भीती बदामाला वळसा घालून येते, असं दिसतं.

ॲलेक्स होनोल्ड या अमेरिकन गिर्यारोहकाच्या मेंदूचाही स्कॅन झालाय. त्याला भयंकर चित्रं दाखवली तरी त्याचा अमिग्डला गप्प होता. लोकांनी लगेच 'जन्मजात निडर' असा शिक्का मारला. पण ३ जून २०१७ रोजी योसेमिटीतला जवळजवळ ९०० मीटरचा एल कॅपिटन कडा तो रोपशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला, त्याआधी वर्षाहून जास्त काळ त्यानं तीच वाट रोप लावून पुन्हा पुन्हा घोकली होती. शिवाय २०१६च्या शरद ऋतूत तो रोपशिवाय निघाला होता आणि योग्य वाटेना म्हणून मध्येच परत फिरला होता. मला त्या विक्रमापेक्षा हे परत फिरणं मोठं वाटतं.

पण पहिल्या वेळेचं काय? घोकायला काहीच नसतं तेव्हा? पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी मारली ती उत्तर ध्रुवावर, २४०० फुटांवरून, उणे ३७ अंशांत, आधी एकही सराव उडी न घेता. त्यांच्या छातीचे ठोके कोणी मोजले नव्हते. एपस्टीन आणि फेन्झ यांच्या आलेखावरून इतकंच म्हणता येतं की पहिली उडी प्रत्येकाला चढणीच्या माथ्यावरूनच मारावी लागते. 'भीती गेली की उडी मारीन' असं म्हणणाऱ्याचा क्रमच उलटा आहे. शीतलताईंनी पुढे शेकडो उड्या मारल्या. २०१८ साली थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून विमानातून उतरल्या. निऱ्या उडू नयेत म्हणून त्यांनी काय बंदोबस्त केला असेल, याचं मला अजूनही कुतूहल आहे.

हे सगळं दरी-कड्यांपुरतं नाही. नाटकातल्या जुन्या नटांना विचारा. तिसऱ्या घंटेआधी विंगेत पोटात कालवतं, पहिलं वाक्य गेलं की निवतं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावलं. 'मला भीती वाटतेय' म्हणून गाणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणून गाणारे सुरात जास्त बरे निघाले. ठोके दोघांचेही वाढलेलेच. धडधडत्या छातीला 'शांत हो' म्हणणं अवघड असतं, तिचं नाव बदलणं त्यामानानं सोपं.

एक गोष्ट मात्र नाव बदलून टळत नाही. घसाऱ्यावर पाय सरकला, पावसाळ्यानंतर ठिसूळ झालेला दगड हातात आला, कपारीत आग्या मोहोळ दिसलं, तर पोटात येणारा गोळा बरोबर आहे. सह्याद्रीत भीती चेपण्याइतकंच ती ऐकण्याचंही शिक्षण लागतं. दादांनी त्याच नागफणीवर दुसऱ्या एका वर्षी, सगळे रोप लावून झाल्यावर, मोहोळ पाहून मोहीम गुंडाळली. आम्ही पोरं चिडलो. दादा रोप गुंडाळत होते, मन लावून, आदल्या रात्रीसारखेच.

त्या रात्री मात्र त्यांनी अडीच भाकऱ्या खाल्ल्या.