वेस : बायबलमधील संदेष्ट्यांचे प्रतीक

बायबलमधील संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारे, नगराच्या वेशीविषयी बोलतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नुसता तटातला दरवाजा नसतो. प्राचीन इस्राएलात न्यायनिवाडा, खरेदी-विक्री आणि वडीलधाऱ्यांची बैठक वेशीतच होई. बायबलमधील कथेत विधवा रूथशी लग्न करण्याआधी बवाज वेशीत जाऊन बसतो, गावातले दहा वडील बोलावतो, आणि जमीन सोडवण्याचा आणि रूथशी लग्नाचा पहिला हक्क सोडणारा नातलग पायातली वहाण काढून देतो तेव्हा व्यवहार पक्का होतो. उत्तर इस्राएलातील तेल दान येथील उत्खननात अशी वेस सापडली आहे: फरसबंद चौक, भिंतीलगत दगडी बाक, शेजारी मानाच्या आसनासाठी असावा असा चौथरा. मराठी बायबलने यासाठी ‘वेस’ हाच शब्द घेतला, आणि तो चपखल आहे. एखादी गोष्ट ‘वेशीवर टांगणाऱ्या’ भाषेला वेस म्हणजे चारचौघांची जागा हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा आमोस थेट वेशीवरच बोट ठेवतो. लाच खाऊन गरिबाला तिथून विन्मुख पाठवणाऱ्यांना तो फटकारतो आणि वेशीत न्याय प्रस्थापित करा म्हणतो (अध्याय ५, वचने १०–१५). पुढच्या साऱ्या प्रतिमा या पायावर उभ्या आहेत. यशयाच्या वाणीत सियोनेच्या, म्हणजे यरुशलेमेच्या (जेरुसलेमच्या), वेशी शोक करतात (३:२६). परके राजे यरुशलेमेच्या वेशींपाशी आपली आसने मांडतील, असे यिर्मयाच्या ग्रंथात आरंभीच येते (१:१५), इ.स.पू. ५८६च्या सुमारास नगर पडल्यावर बाबेलचे (बॅबिलोनचे) सरदार खरोखरच ‘मधल्या वेशीत’ येऊन बसतात (३९:३). निवाड्याची जागा शत्रूच्या हाती गेली, हा त्या बसण्याचा अर्थ आहे. विलापगीतात तर वेशी जमिनीत खचलेल्या दिसतात (२:९).

संदेष्टा यहेज्केलाच्या ग्रंथात, ४४व्या अध्यायातील दृष्टान्तात दिसणारे बंद पूर्वद्वार वेगळे आहे. परमेश्वर त्यातून आत गेला, म्हणून ते इतरांसाठी बंद राहते. तिथे बंद दार हे पावित्र्याचे चिन्ह ठरते. यरुशलेमेच्या आजच्या तटातील चिणलेल्या सुवर्णद्वाराशी त्याचा संबंध अनेकदा जोडला जातो, पण मूळ दृष्टान्तात ते नगराचे नव्हे, मंदिराच्या बाहेरच्या आवाराचे द्वार आहे. नगराच्या वेशी त्याच ग्रंथाच्या शेवटी येतात: इस्राएलाच्या वंशांच्या नावांच्या १२.

उघडी वेस हे निर्भयतेचे चित्र आहे. रात्री वेस लावून घेण्यावर नगराचे रक्षण अवलंबून असे; अशा काळात यशयाचा ६०वा अध्याय रात्रंदिवस न मिटणाऱ्या वेशी दाखवतो आणि त्यांना ‘स्तुती’ असे नाव देतो. बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात हे चित्र पुन्हा येते. तिथे १२ वेशी म्हणजे १२ मोती, प्रत्येकीवर एक देवदूत. त्या दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तिथे नाहीच. तरीही अमंगळ असे काही आत येत नाही. वेशीतला निवाडा तिथेही चालूच आहे.