सांभाळाचा खर्च : मराठवाड्यातील वृद्धांच्या तरतुदीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात म्हातारपणाची तरतूद दीर्घकाळ जमिनीतूनच होत आली. वाटणी करताना आईवडील एखादा तुकडा आपल्या नावावर राखून ठेवत, मुलांकडे पाळीने जेवत, आणि जो शेवटपर्यंत सांभाळील त्याच्याकडे तो तुकडा जाईल, हा अलिखित करार भावकीला ठाऊक असे. राज्यातील सरासरी वहितीखाते, म्हणजे एका शेतकऱ्याच्या कसणुकीतली जमीन, १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आले. कोरडवाहू मुलखात एवढ्या रानातून वेगळे राखून ठेवण्याजोगे फारसे काही उरत नाही. त्यात स्थलांतराची भर पडली. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्यांमागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांमागे, गावात म्हातारे राहतात, आणि सांभाळून घेण्याच्या वयात पुष्कळदा तेच नातवंडांना सांभाळतात.

शासनाची मदत उशिरा आली आणि तुटपुंजीच राहिली. १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी पुढे श्रावणबाळ योजना आली. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाले. राज्याचे अनुदान २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये झाले, मात्र त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. या पैशांतून किराणा आणि गोळ्या निघतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा हा खर्च या योजनांच्या हिशेबात कधी धरलेलाच नव्हता. पगारदारांची स्थितीही वाटते तेवढी वेगळी नाही. वाळूजच्या कारखान्यांतून किंवा एसटीतून निवृत्त होणाऱ्यांना लागू असलेली १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना पाहिली, तर २०१४ पासूनची १५ हजारांची वेतनमर्यादा आणि पूर्ण ३५ वर्षांची सेवा धरूनही मासिक रक्कम साडेसात-आठ हजारांच्या पुढे सहसा जात नाही.

२००७ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा त्याच वर्षी झाला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. मुलांकडून दरमहा कमाल दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवून देण्याचा अधिकार उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाला मिळाला. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवण्याची सोयही झाली. जुन्या वाटणीतला तो अलिखित करारच जणू कायद्यात आला. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी वृद्धाश्रम असावे, हे कलम मात्र सरकारच्या मर्जीवर सोडले आहे. राज्याची मातोश्री वृद्धाश्रम योजना त्याआधीची, युती सरकारच्या काळातली. तिच्यात काही जागा मोफत आणि काही माफक शुल्क घेऊन, अशी विभागणी होती.

दुसरे कारण म्हणजे २००७ मध्येच रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा झाली : साठी ओलांडलेल्याने राहते घर बँकेकडे तारण ठेवायचे, हप्ता बँकेने द्यायचा आणि घरात मरेपर्यंत राहायचे. कागदावर ही योजना घर असलेल्या पण हाती रोकड नसलेल्या माणसासाठीच आखलेली दिसते, तरी देशभर ती फारशी चालली नाही. मराठवाड्याच्या खेड्यांत तर तिचा पायाच कच्चा होता. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आणि शेतजमीन या कर्जासाठी चालतच नाही. ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली. पत्रकाने मालकी सिद्ध झाली, तरी खेड्यातल्या घराला गिऱ्हाईक किती आणि भाव किती, हा बँकेचा प्रश्न सुटत नाही. शिवाय त्या घरावर मुलांचा डोळा असतो, हेही उघड आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. लाभ मोठा आहे, पण तो दवाखान्यात दाखल होण्याशी बांधलेला आहे. लकव्याचा रुग्ण सुटी होऊन घरी आला की त्याला उठवणे, अंघोळ घालणे आणि भरवणे सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर येते, आणि त्या कामाला मजुरी नसल्यामुळे त्याची किंमतही कुणी मांडलेली नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात सेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून चोवीस तासांसाठी मावशी ठेवली, तर न्यायाधिकरणाचा कमाल भत्ताही तिच्या पगाराला क्वचितच पुरतो. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये नेमक्या याच कामासाठी वेगळी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीच्या कपातीत तसा भाग नाही आणि आयुष्मानच्या पाच लाखांतही नाही.