माळरानाचा स्फुरद आणि मातीतले सूक्ष्मजीव : पार्श्वभूमी

सुपर फॉस्फेट या स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खताचं पेटंट इंग्लंडमध्ये १८४२ साली घेतलं गेलं. १८५६ पासून तिथल्या एका कुरणावर खतांचा प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) दिलेल्या वाफ्यांत द्विदल, म्हणजे शेंगवर्गीय, वनस्पती वाढतात, हे तिथे लवकरच दिसलं. मातीतले जीव मोजायला मात्र तेव्हा साधनच नव्हतं. आपल्याकडे इंदापुरात १८३०च्या दशकात जमिनीची प्रतवारी झाली, ती खोली आणि रंग पाहून. चुनखड, म्हणजे मातीतले चुन्याचे खडे, हा दोष धरला गेला.

खरा गुंता १९५४ नंतरचा. त्या वर्षी चुनखडीच्या जमिनींसाठी सोडियम बायकार्बोनेटने स्फुरद काढून मोजण्याची पद्धत आली. पुण्याच्या काळ्या मातीला ती साजेशी आहे. दिलेल्या खताचा बराचसा स्फुरद इथे कॅल्शियमशी बांधला जातो, आणि पिकाच्या वाट्याला किती उरेल याचा चांगला अंदाज या आकड्यावरून येतो. पण सुपे, दौंडकडच्या मुरमाड माळावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं वाढतात ते वेगळ्या व्यवहारावर. तिथे स्फुरदाचा मोठा वाटा सेंद्रिय पदार्थात आणि जिवाणू-बुरशींच्या शरीरात असतो. ते मरतात, सेंद्रिय स्फुरद मोकळा करणारं फॉस्फेटेज विकर (एन्झाइम) सोडतात, तसा तो गवताला मिळत राहतो. परीक्षणाच्या आकड्यात हा साठा जवळपास येतच नाही. मग ‘उपलब्ध स्फुरद कमी’ असा शेरा पडतो आणि त्यावरून खताची मात्रा ठरते. ज्वारी-उसासाठी ठरवलेली पातळी माळाला लावणं चूक आहे, आणि २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आल्यापासून हा शेरा गावोगाव पोचला आहे.

सूक्ष्मजीवांतला स्फुरद मोजण्याची रीत १९८२ मध्ये आली. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी देऊन जीव मारायचे आणि धुरी दिलेल्या व न दिलेल्या मातीतल्या स्फुरदाचा फरक काढायचा. कुरणांच्या मातीत हा साठा नांगरटीच्या शेतापेक्षा बराच जास्त निघाला.

विद्राव्य स्फुरद वाढला की मुळांवरची मायकोरायझा बुरशी, जी झाडाला स्फुरद मिळवून देते, ती सहसा घटते, फॉस्फेटेजही कमी होतं. नत्र (नायट्रोजन) तुटपुंजं असेल तर नुसत्या स्फुरदाने सूक्ष्मजीवांची एकूण संख्या फारशी हलत नाही. उलट द्विदलांना तो मानवतो, आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठींतल्या, हवेतलं नत्र बांधणाऱ्या रायझोबियम जिवाणूंनाही. दुसरीकडे, दिवसा माळावर चरलेली मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंडीतून माळाचा स्फुरद शेतात जातो, त्यामुळे तूट कुठेच नाही असंही म्हणता येत नाही. ती भरताना स्टायलो या द्विदल चाऱ्याबरोबर सिंगल सुपर फॉस्फेट सुचवलं जातं. त्यात नत्र नसतं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतात ते १८ टक्के असतं, म्हणून मातीतल्या जिवांवर दोन्हींचा परिणाम एकच धरता येत नाही.