आयोली म्हणजे मेयोनीजचं फ्रेंच नाव नव्हे

कॅफेच्या मेनूकार्डावर ‘आयोली’ दिसलं की ‘लसणीच्या मेयोनीजला फ्रेंच लोक आयोली म्हणतात’ असं कुणीतरी ठामपणे सांगतंच. हा समज चुकीचा आहे. मेयोनीज बनतं अंड्याच्या बलकात तेल घोटून, पण आयोली या नावात अंड्याचा पत्ताच नाही! दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या बोलीत ‘आल्ह’ म्हणजे लसूण आणि ‘ओली’ म्हणजे तेल. ईशान्य स्पेनमधल्या कॅटलान भाषेत तर सरळच, ‘आल्य-इ-ओली’, लसूण आणि तेल.

जुनी कॅटलान रीतही नावाला धरूनच आहे. खलबत्त्यात मीठ घालून लसूण अगदी मऊ वाटायची, मग ऑलिव्ह तेल थेंबाथेंबाने सोडत एकाच दिशेने घोटत राहायचं. घाई केली की तेल सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. तेल-व्हिनेगरात वाटलेल्या लसणीला भरपूर फेस चढतो, हे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवलंय. तेव्हा मेयोनीज हे नावही नव्हतं.

प्रोव्हान्सला या चटणीचा इतका अभिमान, की कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी 1891 मध्ये काढलेल्या वृत्तपत्राचं नावच ‘लायोली’, म्हणजे ‘आयोली’, होतं.

आज प्रोव्हान्समध्येही अंड्याचा बलक सर्रास घालतात. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी विचारूनच मागवावं.