अल्फा रोमिओ स्पायडर (१९६६–१९९३): विकाऊ जुनी गाडी बघताना

अल्फा रोमिओ स्पायडर ही मिलानच्या अल्फा रोमिओ कंपनीची दोन सीटची, टप मागे दुमडता येणारी स्पोर्ट्स कार. मार्च १९६६ ला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आली आणि थेट १९९३ पर्यंत बनत राहिली, सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास गाड्या. त्यामुळे फेरारीच्या किमती बघून हबकलेला माणूस शेवटी जिथे येऊन थांबतो ती ही गाडी, आणि युरोप-अमेरिकेत आजही ती कुणी ना कुणी विकायला काढलेली असतेच. स्पायडर म्हणजे इथे कोळी नाही हं, इटलीत उघड्या दोन सीटच्या गाडीला स्पायडरच म्हणतात, शब्द आला जुन्या हलक्या घोडागाडीवरून.

डिझाईन पिनिनफरिना या इटालियन डिझाईन कंपनीचं. तिचे संस्थापक बॅटिस्टा 'पिनिन' फरिना स्वतः ज्यात होते असं हे शेवटचं काम धरतात, गाडी बाहेर आली आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. नावासाठी कंपनीने स्पर्धा ठेवली, 'डुएट्टो' जिंकलं, पण त्या नावाचं एक चॉकलेट बिस्किट आधीच बाजारात होतं म्हणून ते अधिकृतपणे लावताच आलं नाही. लोक मात्र आजही डुएट्टोच म्हणतात. दुसरं टोपणनाव 'ओस्सो दी सेप्पिया', म्हणजे माकूल मासळीच्या पाठीतलं ते पांढरं हाड, आपल्याकडे पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात ते समुद्रफेस. गाडी बाजूने बघितली की पटतं, दोन्ही टोकांना गोल निमुळती आणि कडेने लांब खोबण. १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' सिनेमात डस्टिन हॉफमनने लाल डुएट्टो दामटली आणि ऐन वेळी तिचं पेट्रोल संपलं, तरी अमेरिकेत गाडी कायमची फेमस झाली, इतकी की १९८५ पासून तिथे 'ग्रॅज्युएट' नावाचं स्वस्त मॉडेलच विकलं.

विकणारा नुसतं 'क्लासिक अल्फा स्पायडर' म्हणाला तर पहिलं विचारायचं, कुठल्या सिरीजची? १९६६ ते ६९ ची गोल शेपटीची पहिली सिरीज, तिला भाव सगळ्यात जास्त. १९७० पासून शेपटी सरळ कापली, म्हणून 'कोडा ट्रोंका', म्हणजे कापलेली शेपटी. १९८३ ला मागे डिकीच्या कडेला काळा रबरी स्पॉयलर, म्हणजे उठावदार पट्टी, चिकटवला (तो आवडणारी माणसं असतील, असोत बापडी), आणि १९९० ला चौथी सिरीज, पॉवर स्टिअरिंग वगैरे आलेली, रोज चालवायला सगळ्यात सोपी. इंजिनं १२९० सीसी पासून १९६२ सीसी पर्यंत. १९६६ च्या मूळ डुएट्टोला १५७० सीसी, १०९ हॉर्सपॉवर, वेबर कंपनीचे दोन कार्बोरेटर, पाच गियर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, १९६६ साली हे सगळं एका गाडीत! गियरचा दांडा तर डॅशबोर्डखालून जवळपास आडवाच बाहेर येतो, पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गियर ज्याच्या हाताला बसलाय त्यालाही हा दोन दिवस चाचपडायला लावेल.

आता खरी गोष्ट, गंज. इंजिन-गियर दुरुस्त होतात, पार्टही भरपूर मिळतात, पण पत्रा सडला असेल तर पैसा तिथेच मुरतो. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही आणि वर पक्कं छप्परही नाही, त्यामुळे सगळा भार दरवाज्याखालच्या पोकळ पत्र्यावर, आणि सडतो नेमका तोच. टपातून गळलेलं पाणी मॅटखाली महिनोन्‌महिने साचून राहतं आणि तळ आतून खात जातं, म्हणून मॅट उचलून बघायची, मालकाने तोंड वाकडं केलं तरी. डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि बॅटरीखालचा पत्रा बघायचा (बॅटरी मागे डिकीत असते). लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) मारून चकाचक केलेली गाडी ओळखायला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं, जिथे चिकटत नाही तिथे आत लांबीच आहे समजा. आणि जॅकवर उचलल्यावर दरवाजा अडकायला लागला तर गाडी मधून वाकतेय, नमस्कार करून निघावं.

इंजिन अॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), गरम होऊ दिलं तर खूप चालतं, पण थंड असतानाच रेटलं की हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी, जातं. ऑइलचं झाकण उघडून आत कॉफीसारखा फेस दिसला तर ऑइल-पाणी मिक्स झालंय. खालचं अॅल्युमिनियमचं ऑइलचं चेंबर जमिनीला जवळ असतं, त्याला कुठे आपटल्याची खूण आहे का बघा. दुसरा गियर गाडी थंड असताना कर्रर करतोच, सिंक्रो (गियर अलगद जुळवणारी कडी) झिजलेला असतो. जुने अल्फावाले पहिली पाच-दहा मिनिटं तो अगदी सावकाश टाकतात, तेव्हा तेवढ्यावरून गाडी नाकारू नये, गरम झाल्यावरही करकरला तर मात्र भाव पाडा. अमेरिकेतून परत आलेल्या गाड्यांवर मैलांचं मीटर, १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनचे जाड रबरी बंपर, आणि १९६९ ते १९८१ च्या गाड्यांना कार्बोरेटरऐवजी स्पिका कंपनीचं मेकॅनिकल इंजेक्शन (पंपाने पेट्रोल फवारणारं) असतं. ते कळणारा मेकॅनिक जवळ नसेल तर डोकेदुखी, पण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा बहुतेक वेळा शाबूत असतो.

कागदपत्रात आधी इंजिन नंबर. डुएट्टोचा एआर ००५३६ ने सुरू होतो, दोन हजार सीसीच्या बऱ्याच गाड्यांचा ००५१२ ने. डुएट्टो म्हणून दाखवली आणि इंजिनच्या ब्लॉकवर ००५१२ निघाला तर गाडी वाईट नाही, उलट जास्त पळेल, फक्त ओरिजिनलचा भाव द्यायचा नाही. मूळ रंग कुठला आणि कधी बनली हे अल्फाच्या जुन्या रेकॉर्डमधून प्रमाणपत्र मागवून कळतं. इटलीत ज्या गाडीवर अजून पहिलीच काळी नंबरप्लेट आहे तिला वेगळा मान, कारण गाडी तिथल्या तिथेच राहिली हे त्यातून दिसतं.

टप बघायला विसरू नका. समोरचे दोन क्लिप सोडले की सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येतो, त्या काळच्या उघड्या गाड्यांत इतका सोपा टप क्वचितच. विकणारा दहा वेळा उघडून दाखवेल, तुम्ही तो लावायला सांगा आणि मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून घडीवर तडकलीय का ते बघा.